‘पैसा कथाईन उना?’ : मेईजी जपान स्वतः बसून कसा समजून घ्यायचा

जागतिक इतिहासाच्या वहीत जपानचं पान उघडलं की बहुतेकांकडे तेच असतं, १८५३ अमेरिकेचा पेरी आला, १८६८ मेईजी सम्राटाची राजवट, १८८९ राज्यघटना, १९०५ रशियाला हरवलं, संपलं. मीही असंच पाठ केलं होतं आणि पेपरात सरळ प्रश्न आला की सरंजामी जपान औद्योगिक राष्ट्र कसं बनलं, तर मी सगळ्या सनावळ्या ओळीने लिहून आलो आणि मार्क काही पडले नाहीत, कारण ‘कसं’ याचं उत्तर सनावळीत नसतंच. आता चार-पाच वर्षं झाली, संध्याकाळी गावातल्या अभ्यासिकेत पोरापोरींना हा टॉपिक मी वेगळ्या पद्धतीने करून घेतो, तीच पद्धत इथे सविस्तर लिहितोय, घरी एकट्याने बसून जमेल अशी.

पद्धत खरं तर आमच्या आबांची आहे. आबा अमळनेरकडे कोरडवाहू कपाशी करायचे. गावात कोणी नवा ट्रॅक्टर आणला, कोणी स्लॅब टाकला, की बाकीचे पेढा खायचे आणि आबा हळूच अहिराणीत विचारायचे, ‘पैसा कथाईन उना?’, म्हणजे पैसा कुठून आला? जमीन विकून आला, सोसायटीचं कर्ज काढून आला, का पोराच्या पगारातून आला, ते कळलं की मग त्या घराचं पुढे काय होणार हेही आबांना कळायचं. जपानला पण हाच प्रश्न विचारायचा. रेल्वे आली, पैसा कथाईन उना? रेशमाची गिरणी आली, पैसा कथाईन उना? हा एक प्रश्न शेवटपर्यंत सोडायचा नाही.

सामान फार नाही. एक मोठा कार्डशीट, दोन रंगांचे पेन, पेन्सिल, मोबाईलचा कॅल्क्युलेटर, आणि घरात असेल तर एक सातबारा, तो कशाला ते पुढे सांगतो. रोज दीड-दोन तास धरले तर पाच संध्याकाळी पुरतात.

पहिली संध्याकाळ : तांदूळ मोजायचा

पेरीपासून सुरुवात करू नका. कार्डशीटच्या डाव्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहा ‘कोकू’. कोकू हे तांदळाचं माप, साधारण १८० लिटर, म्हणजे अंदाजे दीडशे किलो, एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ. तोकुगावा राजवटीत, म्हणजे १६०३ पासून १८६८ पर्यंत, सरदाराची ऐपत रुपयात नाही तर कोकूत मोजायचे. दहा हजार कोकूच्या वरचा मुलूख असेल तर तो दाइम्यो, त्याच्या खालचा नाही. आता कॅल्क्युलेटर काढा, दहा हजार गुणिले दीडशे किलो, म्हणजे पंधरा हजार क्विंटल. हा सगळ्यात छोटा दाइम्यो. आणि सगळ्यात मोठा कागा मुलखाचा माएदा घराण्यातला, त्याचा आकडा दहा लाख कोकूच्या वर. असे अडीचशेच्या वर दाइम्यो देशभर आणि सगळ्यांच्या डोक्यावर एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, शोगून, खरा राज्य चालवणारा सेनापती. सम्राट क्योटोत, मान मोठा, हातात काही नाही.

हा कोकू म्हणजे जमिनीचं अंदाजित उत्पन्न बरं का, सरदाराच्या कोठारात सगळा येत नव्हता. ‘चार हिस्से सरकारचे, सहा हिस्से शेतकऱ्याचे’ असा एक ठोकताळा होता, कुठे कमी कुठे जास्त. त्या चार हिश्श्यातून सरदार आपल्या सामुराईंना, म्हणजे पदरच्या लढवय्यांना, तांदळातच पगार द्यायचा. म्हणजे सरंजामशाही म्हणजे काय, तर शेतकऱ्याचा तांदूळ सरदाराकडे, सरदाराचा तांदूळ सामुराईकडे. एवढा बाण कार्डशीटवर काढा. बास, व्याख्या पाठ करायची गरज नाही.

मग या व्यवस्थेला भोक कुठे पडलं? १६३५ ला शोगूनने नियम पक्का केला की प्रत्येक दाइम्योने आलटून पालटून साधारण एक वर्ष एदोत राहायचं, एक वर्ष आपल्या मुलखात, आणि बायकापोरं कायम एदोत, ओलीसच म्हणा ना. याला सांकिन कोताई म्हणतात. विचार करा, शेकडो माणसांचा लवाजमा घेऊन दर वर्षी प्रवास, दोन दोन वाडे सांभाळायचे, एदोसारख्या शहरात इभ्रत राखायची, आणि जवळ काय तर तांदूळ. तांदूळ घेऊन तर बाजारात कापड मिळत नाही, म्हणून तांदूळ ओसाकाला पाठवायचा, तिथल्या व्यापाऱ्याने तो विकून रोकड द्यायची, आणि पुढच्या वर्षीच्या पिकावर उचलही त्यानेच द्यायची. ओसाकाच्या दोजिमा बाजारात तर तांदळाच्या पावत्यांचा वायदा चालायचा, १७३० ला शोगूनने त्याला रीतसर मान्यता दिली. आपल्याकडे कापसाचा वायदा वर गेला का खाली आला हे कट्ट्यावर बोलणाऱ्या माणसाला हे दोन मिनिटांत कळतं, पुस्तक वाचणाऱ्याला अर्धा तास लागतो.

म्हणजे कागदावर सगळ्यात खालच्या पायरीचा व्यापारी, आणि त्याच्याकडे सगळ्यात वरचा सामुराई कर्जबाजारी. एदो ते क्योटो तोकाइदो रस्ता, साधारण पाचशे किलोमीटर, जळगाव ते मुंबईपेक्षा जरा जास्त, त्यावर ५३ मुक्काम, प्रत्येक मुक्कामाला खानावळी, हमाल, घोडे, दुकानं. शोगूनला सरदारांना दाबात ठेवायचं होतं आणि झालं काय तर देशभराचं मार्केट तयार झालं. हे नीट लिहून ठेवा, कारण ‘१८६८ च्या आधी जपान झोपलेला होता’ हे वाक्य मी शंभर उत्तरांत वाचलंय आणि ते चूक आहे. अठराव्या शतकात एदोची वस्ती दहा लाखांच्या घरात गेली होती, गावोगावी तेराकोया नावाच्या छोट्या शाळांत लिहिणं-मोजणं शिकवत होते, आणि नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर डच लोकांना व्यापाराची परवानगी होती, त्यांच्या पुस्तकांतून डॉक्टर लोक शिकत होते, शरीररचनेच्या पुस्तकाचं जपानी भाषांतर १७७४ लाच आलेलं. तिजोरी रिकामी होत होती, डोकं रिकामं नव्हतं.

दुसरी संध्याकाळ : १८५३ ते १८७६, पण अर्धा तासच

इथे पोरं फार वेळ घालवतात कारण स्टोरी भारी आहे. चार जहाजं घेऊन कमोडोर पेरी १८५३ ला एदोच्या खाडीत, १८५४ ला कानागावाचा तह, १८५८ ला अमेरिकेच्या हॅरिसबरोबर व्यापाराचा तह आणि त्यापाठोपाठ बाकीच्यांचे. लक्षात ठेवायचं ते दोनच मुद्दे : परदेशी माणसावर जपानी कोर्टात खटला नाही, आणि आयातीवरचा कर स्वतः ठरवायचा हक्क नाही, १८६६ पासून तो साधारण पाच टक्क्यांवर बांधला गेला. हा कराचा हक्क पूर्ण परत मिळाला तो थेट १९११ ला. हे ‘१९११’ लाल पेनने लिहा, शेवटी कामात येतं.

मग सात्सुमा आणि चोशू हे दक्षिण-पश्चिमेचे दोन मुलूख, आधी एकमेकांचे वैरी, १८६६ ला एकत्र आले, १८६७ च्या शेवटी शेवटच्या शोगूनने, तोकुगावा योशिनोबूने, सत्ता सोडली, जानेवारी १८६८ ला सम्राटाच्या नावाने नवं सरकार जाहीर झालं, दीड वर्ष यादवी चालली, संपली. सम्राट तेव्हा पंधरा वर्षांचा, खरी सूत्रं ओकुबो तोशिमिची, किदो ताकायोशी, सायगो ताकामोरी अशा मधल्या आणि खालच्या दर्जाच्या सामुराईंकडे.

आता कार्डशीटवर एक कोष्टक काढा, डावीकडे सन, उजवीकडे फक्त एक रकाना : ‘कोणाचं काय गेलं’. १८७१, मुलूख बरखास्त, त्या जागी प्रांत, गव्हर्नर टोकियोतून : दाइम्योचं राज्य गेलं. पण त्याला पेन्शन लावून दिली आणि त्याच्या मुलखाचं कर्ज बहुतांशी सरकारने अंगावर घेतलं, म्हणून तो गप्प बसला, हे विसरू नका, आबा असते तर पहिलं हेच विचारलं असतं. १८७३, सक्तीची लष्करभरती : शस्त्र धरायचा सामुराईचा मक्ता गेला. १८७६, तलवार बाळगायला बंदी : त्याची ओळख गेली. १८७६ लाच तांदळाचा पगार बंद करून हातात सरकारी रोखे : त्याची रोजीरोटी गेली. हे सगळं वाचलं की १८७७ चं सात्सुमाचं बंड वेगळं पाठ करावं लागत नाही, सायगोसारखा माणूस ज्याने हे सरकार उभं केलं तोच उलटा का फिरला ते त्या रकान्यातच दिसतं. बंड मोडलं ते भरती केलेल्या शेतकऱ्यांच्या पोरांनी.

तिसरी संध्याकाळ : सातबारा काढा

ही सगळ्यात महत्त्वाची संध्याकाळ आहे, इथे घाई करू नका.

१८७३ ला नव्या सरकारने जमीन महसुलाचा कायदा केला. आधी काय होतं, तर पिकाचा हिस्सा, तांदळात, गावावर मिळून, आणि पीक बुडालं तर मागेपुढे व्हायचं. आता काय झालं, तर प्रत्येक जमिनीची किंमत ठरवली, मालकाच्या नावाने दाखला दिला, आणि किमतीच्या तीन टक्के कर, रोख, दर वर्षी, पीक येवो न येवो, वर स्थानिक कर वेगळा. १८७० च्या दशकात सरकारच्या कराच्या पैशातला बहुतेक सगळा पैसा यातूनच यायचा. म्हणजे ‘पैसा कथाईन उना’ याचं पहिलं आणि मोठं उत्तर : शेतकऱ्याच्या शेतातून.

आता सातबारा समोर ठेवा. आकारणीचा आकडा, मालकाचं नाव, क्षेत्र, सगळं एका कागदावर, हे आपल्याला इतकं सवयीचं आहे की यात काय क्रांती असं वाटतं. पण आपल्याच भागात इंग्रजांनी जमिनीची पाहणी सुरू केली तेव्हा १८५२ ला सावदा, यावल, रावेरकडे शेतकरी हजारोंनी जमून विरोधाला उभे राहिले होते, पलटण आणावी लागली. मोजणीची साखळी शेतात आली की पुढे काय येतं ते लोकांना कळत होतं. जपानमध्ये पण तेच, १८७६ ला मिए, इबाराकी या भागांत बांबूचे भाले घेऊन शेतकरी उठले आणि सरकारने १८७७ च्या सुरुवातीला दर तीनवरून अडीच टक्क्यांवर आणला. मिळाला तो अर्धा टक्का लढून मिळाला.

आता हिशोब करा, वहीतच करा, डोक्यात नको. समजा जमिनीची किंमत ४०० येन, सोयीसाठी घेतलेला आकडा आहे. अडीच टक्के म्हणजे कर १० येन. तांदळाचा भाव कोकूला १० येन असेल तर कर भरायला एक कोकू विकावा लागतो. भाव ५ येनवर आला तर? कर तोच, दहा येन, पण आता दोन कोकू विकावे लागतात. शेत तेच, पीक तेच, सरकारने कर एक पैसा वाढवला नाही, आणि तरी शेतकऱ्याचा बोजा दुप्पट झाला. ज्याच्या घरात कापूस सात हजाराने विकला जाईल म्हणून खर्च केला आणि विकताना भाव पडला, त्याला हे समजवायला लागत नाही, तो हिशोब बघून नुसती मान हलवतो.

आणि हे खरंच घडलं. १८७७ च्या बंडावर सरकारने नोटा छापून खर्च केला, महागाई झाली, तांदूळ वर गेला, शेतकऱ्याला दोन-तीन वर्षं बरे दिवस आले. मग १८८१ ला मात्सुकाता मासायोशी अर्थमंत्री झाला, त्याने नोटा मागे घेतल्या, खर्च कापला, १८८२ ला बँक ऑफ जपान काढली, आणि १८८१ ते १८८४ या काळात तांदळाचा भाव जवळपास निम्म्यावर आला. रेशमाचे भाव पण कोसळले. चिचिबू भागातल्या रेशीम करणाऱ्या शेतकऱ्यांनी १८८४ ला सावकारांवर आणि सरकारी कचेऱ्यांवर हल्ले केले, सैन्य पाठवून ते दडपलं. जमिनी गहाण पडल्या, गेल्या, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देशातली चाळीस टक्क्यांच्या आसपास शेतजमीन कुळांकडून कसली जात होती, आणि कूळ जमीनदाराला खंड तांदळातच देत होतं. म्हणजे वरच्या मजल्यावर रोख कर आणि खालच्या मजल्यावर जुनाच तांदूळ. सरंजामशाही ‘संपली’ असं लिहिताना हे वाक्य जोडा, उत्तराला वजन येतं.

मात्सुकाता वाईट का चांगला असा वाद पोरं घालतात. माझं स्पष्ट मत आहे की चलन ताळ्यावर आणायचं काम त्याने केलं आणि त्याची किंमत ज्याने भरली त्याला कोणी विचारलं नाही. दोन्ही लिहायचं.

चौथी संध्याकाळ : पैसा गेला कुठे

आता दुसऱ्या रंगाचा पेन. आलेल्या पैशाचे बाण बाहेर काढा.

रेल्वे. शिम्बाशी ते योकोहामा, २९ किलोमीटर, १८७२. त्यासाठी लंडनहून कर्ज काढलं होतं, इंजिनिअर इंग्रज, डबे-इंजिन इंग्रज. इथे थांबा आणि एक गोष्ट शेजारी लिहा : मुंबई-ठाणे १८५३, आणि भुसावळवरून नागपूरपर्यंत गाडी १८६७ ला पोचलेली. म्हणजे भुसावळच्या माणसाने रेल्वे टोकियोच्या माणसाच्या आधी बघितली. मी हे वर्गात सांगतो तेव्हा पोरं गुगल करून खात्री करतात, करू द्या. मग त्यांना विचारतो, रेल्वे आली की उद्योग येतो असं तुम्ही लिहिलं होतं ना, मग भुसावळ ओसाका का नाही झालं? इथून खरा विचार सुरू होतो. जपानने परदेशी माणसं पगारावर आणली, काहींचे पगार मंत्र्यांच्या बरोबरीचे, आणि त्यांच्या हाताखाली आपली पोरं ठेवली, टोकियोत इंजिनिअरिंगचं कॉलेज काढलं, आणि १८८० ला क्योटोजवळचा ओसाकायामा बोगदा जपानी इंजिनिअरांनी स्वतः खणला. आपल्याकडे गार्ड, ड्रायव्हर, वरचा साहेब गोरा आणि नफा लंडनला. रूळ सारखेच, मालक वेगळा.

रेशीम. गुन्मा प्रांतात तोमिओका इथे सरकारने १८७२ ला गिरणी काढली, फ्रेंच माणूस पॉल ब्रुना, रेशीम उकलायच्या ३०० घमेल्यांची लांबच लांब ओळ, विटांची इमारत, तेव्हा जगातल्या मोठ्या गिरण्यांत धरली जायची. कामाला मुली मिळेनात, कारण लोकांत बोभाटा झाला की फ्रेंच लोक मुलींचं रक्त पितात, ती खरं तर लाल वाइन होती. शेवटी गिरणीचा पहिला प्रमुख ओदाका अत्सुतादा याने स्वतःची मुलगी आधी कामाला आणली, मग सामुराई घरांतल्या मुली आल्या, शिकल्या, आणि आपापल्या भागात जाऊन दुसऱ्यांना शिकवू लागल्या. गिरणीला पैशाचा फायदा फारसा झालाच नाही, १८९३ ला ती मित्सुईला विकली. पण शिकलेल्या मुली हाच खरा माल होता. आणि रेशीम हीच जपानची मोठी कमाई, १९०९ च्या सुमारास कच्च्या रेशमाच्या निर्यातीत त्याने चीनला मागे टाकलं, त्याच डॉलर-पौंडांतून मशिनरी आली.

सरकारी कारखाने बरेच तोट्यात होते, १८८० च्या दशकात ते विकायला काढले. नागासाकीची गोदी मित्सुबिशीला, मिइकेची कोळसा खाण मित्सुईला. इथून झाइबात्सू म्हणजे मोठी उद्योग घराणी वाढली. यावर चार ओळी पुरे, कारण आता कापूस येतोय आणि तो आपला विषय आहे.

कापसासाठी वेगळी संध्याकाळ

सरकारने आधी दोन-दोन हजार चात्यांच्या छोट्या सूतगिरण्या काढायला मदत केली होती, पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या, त्या धड चालल्या नाहीत. मग शिबुसावा एइइची. हा शेतकऱ्याचा पोरगा, घरात निळीचा आणि रेशमाचा धंदा, १८७३ ला पहिली बँक काढली, आता २०२४ पासून दहा हजार येनच्या नोटेवर त्याचाच फोटो आहे. त्याने ठरवलं की गिरणी काढायची तर मोठीच, १०,५०० चात्या, वाफेवर. लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकणाऱ्या यामानोबे ताकेओ नावाच्या तरुणाला त्याने पत्र लिहिलं की ते सोड आणि सूतगिरणीचं काम शिक, आणि तो गडी लँकेशायरच्या गिरणीत जाऊन हाताने काम शिकून आला. १८८३ ला ओसाकाची गिरणी चालू झाली, दिवसपाळी आणि रातपाळी दोन्ही, आधी तेलाच्या दिव्यांवर, १८८६ पासून विजेच्या बल्बवर. मशीन एकच पण चालते दुप्पट वेळ, म्हणजे भांडवल निम्म्यात फिरलं.

आता धागा. आबा कापूस विकायला काढण्याआधी बोंडातून एक पुंजका घ्यायचे, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूहळू ओढायचे, सोडायचे, परत जुळवून ओढायचे, चार-पाच वेळा, मग चिमटीत उरलेल्या तंतूंची लांबी काळ्या सदऱ्यावर ठेवून बघायचे. आखूड आहे का लांब, त्यावरून व्यापाऱ्याशी बोलायचे. हे जमलं तर करून बघा, घरात कापूस असेलच. इंग्रजांच्या बारीक सुतासाठी लांब धागा लागायचा. आपला जुना देशी कापूस आखूड धाग्याचा. जपानी गिरण्यांनी काय केलं, तर वेगवेगळ्या देशांचा कापूस मिसळून, स्वस्त आखूड धाग्यात थोडा लांब धागा घालून, रिंग चात्यांवर जाड सूत काढायचं कसब कमावलं. ती मिसळण कशी करायची हेच त्यांचं गुपित. आणि तो स्वस्त आखूड कापूस कुठला, तर मुंबई बंदरातला, म्हणजे मागे खान्देश, वऱ्हाड या पट्ट्यातला.

पण जहाजाचं भाडं इंग्रज कंपन्यांच्या हातात. म्हणून १८९३ ला जमशेटजी टाटा आणि जपानची निप्पॉन यूसेन काइशा यांनी मिळून मुंबई-कोबे बोटसेवा काढली, समोरच्या पी अँड ओ कंपनीने भाडं पार खाली पाडलं, तरी जपानी गिरणीवाल्यांनी करार केला होता की आपला कापूस आपल्याच बोटीने आणायचा आणि तो त्यांनी पाळला. मग सरकारने १८९४ ला सुताच्या निर्यातीवरचा कर काढला, १८९६ ला कच्च्या कापसाच्या आयातीवरचा कर काढला. १८९७ ला जपानची सुताची निर्यात आयातीच्या वर गेली. चौदा वर्षांत.

१८९६ पुन्हा वाचा. त्याच वर्षी भारतात इंग्रज सरकारने काय केलं? इथल्या गिरण्यांत विणलेल्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर लावला, कारण लँकेशायरच्या मालावर तेवढाच आयात कर होता आणि तिथल्या लोकांना इथल्या गिरणीला जरासाही फायदा नको होता. जळगावची खान्देश मिल तोमिओकाच्याच दशकातली, १८७० च्या. म्हणजे आपल्याकडे कापूस दारात, रेल्वे दारात, गिरणी दारात. ओसाकाच्या गिरण्यांना तर कापूस समुद्रापलीकडून आणावा लागत होता. एका बाजूचं सरकार त्याच वर्षी कर काढतंय आणि दुसऱ्या बाजूचं लावतंय. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली त्या रात्री झोप आली नव्हती, आणि अजूनही वर्गात सांगताना आवाज चढतो.

आणि ते लाल पेनचं १९११ आठवा. बरेच जण लिहितात की जपान स्वतंत्र होता म्हणून त्याने आयात कर लावून उद्योग वाचवले. नाही, हा हक्कच त्याच्याकडे बराच काळ नव्हता, साधारण पाच टक्क्यांवर हात बांधलेले होते. फरक हा की शेतकऱ्याकडून घेतलेला महसूल टोकियोतच राहिला, शाळेत, रुळात, बोटीच्या अनुदानात गेला, आपला महसूल होम चार्जेस म्हणून, म्हणजे भारताच्या कारभाराचा इंग्लंडमधला खर्च म्हणून, बाहेर गेला. पिळवणूक दोन्हीकडे होती, पाणी कोणाच्या शेतात गेलं हा प्रश्न आहे.

मुलींचा रकाना

कार्डशीटवर खाली एक रुंद पट्टी मोकळी ठेवायला विसरू नका, ती गिरणीतल्या मुलींसाठी. कापड धंद्यातले बहुसंख्य कामगार मुली आणि बायका होत्या, डोंगराळ गावांतल्या गरीब घरच्या. एजंट गावात यायचा, बापाच्या हातावर आगाऊ रक्कम ठेवायचा, मुलीने ती काम करून फेडायची. चाळीसगावकडून ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाला ‘उचल’ हा शब्द सांगितला की पुढचं सांगावं लागत नाही. बारा बारा तास काम, रातपाळी, कुलूप लावलेली वसतिगृहं, कापसाच्या धुळीत आणि दाटीवाटीत क्षय, आजारी पडली की गावाला परत. कामगारांसाठी फॅक्टरी कायदा १९११ ला झाला आणि लागू झाला १९१६ ला, तोही सवलती ठेवून. पोरांच्या उत्तरात शिबुसावा असतो, मात्सुकाता असतो, ही मुलगी नसते, आणि माझ्या अनुभवात अभ्यासिकेतल्या मुलीच हा रकाना सगळ्यात नीट भरतात.

शेजारीच आशिओच्या तांब्याच्या खाणीचं विषारी पाणी वातारासे नदीच्या काठच्या शेतात गेलं ते लिहा, त्यासाठी तानाका शोझो याने खासदारकी सोडून १९०१ ला थेट सम्राटाच्या गाडीसमोर जाऊन अर्ज द्यायचा प्रयत्न केला.

राहिलेलं पटकन

१८८९ ची राज्यघटना, १८९० ला पहिलं संसद अधिवेशन, मतदानाचा हक्क १५ येन थेट कर भरणाऱ्या पुरुषांना, म्हणजे लोकसंख्येच्या जेमतेम एक टक्का. १८९४-९५ चं चीनशी युद्ध, त्याची मोठी नुकसानभरपाई, त्यातला काही पैसा यावाताच्या पोलाद कारखान्यात, जो १९०१ ला चालू झाला, आणि त्याच भरपाईच्या जोरावर १८९७ ला सुवर्णचलन. तैवान १८९५, कोरिया १९१०. इथे पण आबांचा प्रश्न विचारा, आणि उत्तर येतं, दुसऱ्या देशाकडून. हे लिहिताना कौतुकाचा सूर लागू देऊ नका, कोरियाच्या शेतकऱ्याकडून बघितलं तर हे सगळं फार वेगळं दिसतं.

शेवटचं काम : उत्तर

कार्डशीट भिंतीला लावा, पुस्तक बंद करा, घड्याळ लावून पंधरा मिनिटांत अडीचशे शब्द लिहा. पहिलं वाक्य पेरीवर नको, तांदळावर हवं, उदाहरणार्थ ‘तोकुगावा जपानमध्ये सत्ता तांदळात मोजली जात होती आणि १८७३ च्या महसूल कायद्याने ती रोख पैशात मोजली जाऊ लागली’. त्यातून पुढचं सगळं उलगडत जातं, कर, चलन, रेशीम, सूत, पोलाद. सनावळ्या सात-आठच येऊ द्या आणि प्रत्येक सनासोबत कोणाचं काय गेलं किंवा कोणाला काय मिळालं ते अर्ध्या वाक्यात तरी यायलाच हवं. भारताशी तुलना विचारली नसेल तर एकाच ओळीत, १८९६ ची.

लिहून झालं की वही शेजारच्याला द्या, मार्क द्यायला सांगू नका. त्याच्या हातात पेन्सिल द्या आणि सांगा, जिथे कारखाना, रेल्वे, शाळा, बोट, काहीही उभं राहिलंय आणि पैसा कुठून आला ते लिहिलेलं नाही, तिथे समासात नुसतं ‘कथाईन?’ लिही. आमच्याकडे पहिल्या खेपेला एका पानावर सहा-सात येतात. मग तेच उत्तर दुसऱ्या दिवशी परत लिहायचं.